विसपुते यांचा उजवा डोळा

पर्चीवर नाव: सुपडू दामू विसपुते, वय एकसष्ट,
राहणार एरंडोल, धंदा सोनारकी.
तक्रार: भिंग लावलं की नथीचा एक मोती,
नेमका डावीकडचा, नाहीसा होतो.

एप्रिल. जळगावात सराफ बाजाराची शटरं
हात लावू देत नाहीत.
आत एसी, अंधार, आणि याच स्टुलावर सात वर्षं
मिटल्या पापणीवर जेल घालणारी मी.
गार लागेल, म्हणाले.
"लागू दे, माय. आखा जलम भट्टीपुढे गया."

नाकाकडे बघा. वर. आता माझ्याकडे.
आवाज, जो मला ऐकू येत नाही, त्यांनाही नाही,
पापणीतून आत उतरतो
आणि ज्याला धडकला त्याचं माप घेऊन परततो.
चांगल्या डोळ्याच्या पोटात पडद्यावर काहीच दिसत नाही.
हे काहीच नसणं ओळखायला
मला दीड वर्ष लागलं होतं.

विसपुते यांच्या डोळ्यात काहीतरी होतं.
मागच्या भिंतीवर, कानाच्या बाजूला,
नवरदेवाच्या सदऱ्याला लावतात तशी गुंडी:
बुडाशी रुंद, मानेशी आवळलेली, वर पुन्हा फुगलेली.
दुसऱ्या आलेखात एक उंच सुळका
आणि त्याच्या मागे उतरत गेलेले दात,
कन्नडकडून घाट उतरत चाळीसगावला यावं तसे.

दोन खुणा ठेवल्या. उंची पाच पॉइंट एक.
रुंदी नऊ पॉइंट आठ.
माझ्या कागदावर नाव लिहायला रकाना नाही,
फक्त मिलिमीटर.
नाव डॉक्टर चव्हाणके लिहितात, तेही आधी पेन्सिलीनं.

दुपारी शिरेतून पिवळा रंग सोडला.
बारा सेकंदांत तो डोळ्यात पोचला,
कॅमेरा कुणी मागे लागल्यासारखा फोटो काढत सुटला.
गाठीनं स्वतःच्या नळ्या टाकून घेतल्या होत्या,
आमच्या गल्लीत रात्रीतून टाकतात तशा,
नगरपालिकेला न विचारता.
ते मात्र आपला तळहात बघत बसले होते.
"हाई पिवळं खोटं शे," म्हणाले.
उद्या सकाळी लघवीलाही दिसेल, घाबरू नका,
हे मला सांगावंच लागतं.

मग विचारलं, "कापीसन नही दखतीन का?"
नाही, काका. ही गाठ सहसा कापून बघत नाहीत.
उजेडानं बघतात, आवाजानं, रंगानं,
उद्या चुंबकाच्या बोगद्यातही घालतील.
ते जरा सैल झाले.
त्यांचे वडील म्हणे दागिना कधी वितळवून ओळखत नसत.
काळ्या दगडावर एक रेघ ओढायची,
रेघेवर तेजाबाचा थेंब,
आणि काय उरतं ते बघायचं.
दागिना गिऱ्हाइकाला होता तसा परत.

होता तसा. इथे मी जेल पुसायला टिश्यू शोधू लागले.

मुंबईला त्यांच्या डोळ्याला चांदीची चकती शिवली,
नखाएवढी, बुबुळामागच्या गोलाईला बसेल अशी वाकवलेली.
गाठीवर किरण टाकत चार दिवस तिथे राहिली, मग काढली.
परत आले तेव्हा तक्रार दुखण्याची नव्हती.
घडवली कोणी? भार किती होता?
आणि कोर एवढी मऊ कशी केली,
की आत असताना टोचली नाही?
मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं.
चव्हाणके सरांनाही नाही.

आता भिंग डाव्या डोळ्याला लावतात.
म्हणतात, हात अजून उजवीकडेच जातो,
नथ उलटी धरून बसतो, सून हसते.

आज तिसरी तपासणी.
जेल. नाकाकडे बघा. वर.
गुंडी तिथेच आहे, मान थोडी बारीक झालेली.
पहिली खूण ठेवली. दुसरी.
चार पॉइंट दोन.
खुणा पुसून पुन्हा ठेवल्या, पुन्हा तेच.
खोलीत फक्त मशीनचा पंखा.
"काट्याजवळ श्वास सोडू नये," मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले,
"तोल चुकतो."
मी सोडलेला नव्हता.